'नो सिग्नल' दिसल्यावर

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावलेला आहे. गेल्या वार्षिक सभेत खजिनदारांनी वर्षभराचा हिशेब त्यावर दाखवायचं ठरवलं. टेबलावर लॅपटॉप, केबल जोडलेली, समोर खुर्च्यांवर तीसेक माणसं, आणि पडद्यावर दोनच शब्द: 'नो सिग्नल'. मग जे सगळीकडे होतं तेच झालं. कुणी केबल काढून परत लावायला सांगितली, कुणी लॅपटॉप रीस्टार्ट करायला लावला, कुणी रिमोट घेऊन दिसतील ती बटणं दाबली. दहा मिनिटांनी मूळ अडचण काय होती आणि मध्ये आपण काय काय बदललं, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मी मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागे पाहिलं. भिंत आणि टीव्ही यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट. केबलचं टोक भिंतीला अडत होतं, त्यामुळे ते तिरकं बसलं होतं आणि त्याची धातूची चकचकीत कड बाहेर राहिली होती. दोघांनी टीव्ही खालून जरासा पुढे उचलून धरला, मी केबल सरळ आत दाबली आणि हिशेबाचा तक्ता पडद्यावर आला.

लॅपटॉप टीव्हीला जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणींत काहीही बिघडलेलं नसतं. चित्र लॅपटॉपमधून निघून टीव्हीपर्यंत एका वाटेनं जातं आणि ती वाट मध्ये कुठेतरी अडलेली असते. ती टीव्हीच्या टोकाकडून मागे मागे येत तपासावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फरक पडला नाही, तर ती होती तशी करून मगच पुढच्या गोष्टीला हात लावावा. एवढी शिस्त पाळली तर घरातल्या घरात, कुणालाही न बोलावता, काम होतं. मोठी माणसं अशा वेळी 'आम्हाला यातलं काही कळत नाही' म्हणून बाजूला होतात, ते मला फार लागतं. हे कळण्यासारखंच आहे.

सुरुवात टीव्ही काय सांगतोय ते नीट वाचण्यापासून. 'नो सिग्नल' याचा अर्थ टीव्ही त्या पोर्टकडे बघतोय, पण तिथे काहीच पोहोचलेलं नाही. 'मोड नॉट सपोर्टेड' किंवा तशा अर्थाचं काही दिसलं, तर केबल आणि पोर्ट दोन्ही ठीक आहेत. लॅपटॉप असं चित्र पाठवतोय जे या टीव्हीला दाखवता येत नाही. नुसता काळा पडदा आणि कसलाच संदेश नाही, म्हणजे सिग्नल येतोय, पण चित्र रिकामं आहे. आणि पडद्यावर ॲपची चित्रं, सिनेमांची पोस्टरं दिसत असतील, तर टीव्ही अजून त्याच्या स्वतःच्या होम स्क्रीनवरच आहे. या चार अवस्थांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी नेमकं काय दिसतंय ते बघायचं.

टीव्हीच्या मागच्या प्रत्येक एचडीएमआय पोर्टशेजारी आकडा असतो. केबल दोन नंबरला आणि रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून निवडलंय एक नंबर, ही सर्वांत जास्त होणारी चूक. आकडा टॉर्चनं वाचा, अंदाजानं ठरवू नका. एखाद्या पोर्टवर 'एआरसी' लिहिलेलं असेल, तर तो साउंडबारसाठी आहे म्हणून लोक टाळतात. त्यालाही लॅपटॉप खुशाल जोडता येतो. भिंतीवरच्या टीव्हीला केबल तिरकी बसत असेल, तर काटकोनात वळलेलं टोक असलेली केबल घ्यावी किंवा बाजूला तोंड असलेला पोर्ट वापरावा. तिरकी केबल जबरदस्तीनं दाबली की आतली पोर्टची पट्टी तुटते.

केबल घट्ट बसली, इनपुट बरोबर आहे, तरी चित्र नाही. आता लॅपटॉप आणि टीव्ही यांचं आपसातलं बोलणं बघायचं. एचडीएमआयच्या टोकात १९ पिना असतात. सगळ्या चित्र वाहत नाहीत. एक पिन लॅपटॉपला 'टीव्ही जोडला गेला' एवढंच कळवते. ती खूण मिळाली की लॅपटॉप टीव्हीकडून त्याची माहिती मागवतो: तुझा पडदा किती बिंदूंचा, सेकंदाला किती चित्रं दाखवतोस, आवाज घेतोस का. स्थळ बघताना आधी बायोडेटा मागवतात, तसंच. त्यावरून काय पाठवायचं ते लॅपटॉप ठरवतो. हे बोलणं मध्येच तुटलं, तर केबल शाबूत असूनही लॅपटॉपच्या लेखी टीव्ही जोडलेलाच नसतो.

ते नव्यानं सुरू करायला दोघांचंही आधीचं पुसलं जायला हवं. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी तो आतून जागा असतो. म्हणून भिंतीवरचं बटण बंद करा, लॅपटॉप शटडाउन करा, मिनिटभर थांबा. केबल दोन्हीकडे नीट बसवा. आधी टीव्ही चालू करून बरोबर इनपुट निवडा आणि मगच लॅपटॉप सुरू करा. लॅपटॉप जागा होऊन चौकशी करेल तेव्हा उत्तर द्यायला टीव्ही तयार असला पाहिजे, म्हणून हा क्रम.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर एक जोडी पाठ करून ठेवा: विंडोजचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवायचं आणि पी दाबायचं. चार पर्याय येतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली' म्हणजे चित्र फक्त लॅपटॉपवर. टीव्ही कोरा राहण्याचं हे साधं कारण कितीदा तरी निघतं. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे एकच. 'एक्स्टेंड' म्हणजे टीव्ही हा लॅपटॉपच्या शेजारी मांडलेला आणखी एक पडदा. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' म्हणजे चित्र फक्त टीव्हीवर, आणि लॅपटॉप अंधारा. हा चौथा पर्याय चुकून निवडला जातो, टीव्ही दुसऱ्याच इनपुटवर असतो, आणि लॅपटॉप गेला म्हणून घरात घबराट होते. एचडीएमआय केबल लॅपटॉपमधून काढा. काही क्षणांत त्याचा पडदा परत येतो.

'एक्स्टेंड'मध्ये एखादी खिडकी हरवल्यासारखी वाटते, कारण ती दुसऱ्या पडद्यावर उघडलेली असते. विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकत्र दाबलं की ती अलीकडच्या पडद्यावर येते. पडदे मध्येच गोठले किंवा काळे राहिले, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा. पडदा लुकलुकतो आणि चित्राचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. उघडलेल्या फायली तशाच राहतात. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'डिस्प्लेज' पानावर जाऊन ऑप्शन बटण दाबून धरलं की 'डिटेक्ट डिस्प्लेज' दिसतं, ते दाबायचं.

कित्येक नव्या पातळ लॅपटॉपांना एचडीएमआय पोर्ट नसतोच, असतं फक्त टाइप-सी. इथे लोकांचे पैसे वाया जातात. टाइप-सीची सगळी भोकं दिसायला सारखी, पण प्रत्येकातून चित्र बाहेर येत नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फायलींची देवाणघेवाण होते, आणि तिथे कितीही महाग अडॅप्टर लावला तरी टीव्ही 'नो सिग्नल'च म्हणणार. पोर्टशेजारी विजेच्या बाणाची थंडरबोल्टची खूण किंवा इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफलेली खूण असेल, तर चित्र येतं. खूण नसेल, तर कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या माहितीत टाइप-सीसमोर 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द आहे का ते बघा आणि मगच अडॅप्टर विकत घ्या. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबलही चित्रासाठी सहसा निरुपयोगी असते. चित्र वाहणाऱ्या तारा तिच्यात घातलेल्याच नसतात.

कन्व्हर्टरना दिशा असते, हेही ध्यानात ठेवा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल उलटी लावून चालत नाही. शाळा-कॉलेजांतल्या जुन्या प्रोजेक्टरना १५ पिनांचा निळा व्हीजीए पोर्ट असतो. तो १९८७चा, ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल. दोघांच्या मध्ये सिग्नल बदलणारं सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो, नुसती तार जोडून भागत नाही. शिवाय व्हीजीएतून आवाज जातच नाही, त्याची वेगळी तार टाकावी लागते. आणि दर क्रिकेट मोसमात विचारला जाणारा एक प्रश्न: सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय लॅपटॉपला लावून मॅच दिसेल का? नाही. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नाही.

आता चित्र आलं, पण नीट नाही, या तक्रारीकडे येऊ. इथे लोक सर्वांत जास्त सहन करतात, कारण 'टीव्हीवर असंच दिसणार' अशी समजूत करून घेतलेली असते. तसं मुळीच नाही.

पहिली तक्रार कडा कापल्या जाण्याची. खालची टास्कबार अर्धी गायब, वरच्या कोपऱ्यातली खिडकी बंद करायची फुली दिसतच नाही. याचं मूळ काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत आहे. त्या टीव्हींवर चित्राच्या कडा सरळ आणि स्थिर राहत नसत, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवत. सपाट टीव्हीला याची गरज नाही, तरी कित्येक टीव्ही एचडीएमआयवरून आलेलं चित्र आजही तसंच फुगवतात. उपाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये आहे. पिक्चर साइज किंवा ॲस्पेक्ट रेशो उघडा. कंपनीप्रमाणे 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं काहीतरी नाव असेल, ते निवडा. लॅपटॉपकडून चित्र आक्रसून घेण्याची सोय असते, पण ती शेवटी वापरा. त्यात चित्र आधी लॅपटॉप आक्रसतो, मग टीव्ही ते फुगवतो आणि अक्षरं दोनदा खराब होतात.

दुसरी तक्रार अक्षरं पुसट दिसण्याची. ३२ इंचांचे बरेच टीव्ही 'एचडी रेडी' म्हणून विकले जातात. त्यांच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ बिंदू, म्हणजे एकूण सुमारे साडेदहा लाख. लॅपटॉप बहुधा १९२० बाय १०८० पाठवतो, म्हणजे जवळजवळ २१ लाख बिंदू. दोन बिंदूंची माहिती एका बिंदूत कोंबायची, तर अनुस्वार, रफार आणि लहान आकडे बुजणारच. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा पडदा निवडून तिथे 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन लावून बघा; त्यानं भागलं नाही तर १३६६ बाय ७६८ किंवा १२८० बाय ७२० करून बघा. 'डुप्लिकेट'मध्ये दोन्ही पडद्यांना एकच माप घ्यावं लागतं, म्हणून पडदे वेगवेगळ्या मापांचे असतील तर निदान एकावर तरी अक्षरं फिसकटतात. अशा वेळी 'एक्स्टेंड' वापरा. फोर-के टीव्हीवर उलट होतं: ८३ लाखांच्या आसपास बिंदू, आणि अक्षरं मुंगीएवढी. तिथे रिझोल्यूशन कमी करू नका, 'स्केल' दीडशे किंवा दोनशे टक्के करा.

आमच्या सभेत चित्र आल्यावर हीच अडचण पुढे आली. तुटीचे आकडे खजिनदारांनी लाल रंगात, गडद निळ्या पट्टीवर टाकले होते. लॅपटॉपवर ते स्वच्छ दिसत होते. टीव्हीवर प्रत्येक आकड्याभोवती जांभळट किनार आणि आठ-सहा-तीन सगळे सारखे. मागच्या रांगेतून दोघांनी तीच रक्कम दोन तऱ्हांनी वाचली. सिनेमाच्या चित्रात उजेडाचा तपशील महत्त्वाचा, रंगाचा थोडा कमी असला तरी डोळ्याला कळत नाही, म्हणून टीव्ही शेजारशेजारच्या बिंदूंमध्ये रंग वाटून टाकतो. माणसाच्या चेहऱ्याला ते चालतं, बारीक रंगीत अक्षराला नाही. बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा प्रकार बदलून 'पीसी' करता येतो. तो केला की टीव्ही रंग पूर्ण दाखवतो आणि चित्राला नटवणारी बरीचशी प्रक्रिया बंद करतो. त्याबरोबर 'शार्पनेस' बराच खाली आणा. तो वाढवला की अक्षरं स्पष्ट होतात असं वाटतं, प्रत्यक्षात त्यांच्याभोवती पांढरी कड चढते. आणि टीव्हीवर दाखवायच्या तक्त्यात पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा. ही सोय कुठल्याही सेटिंगपेक्षा मोठी आहे.

माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर चित्रं सेकंदाला ६० ऐवजी ३० जात आहेत. २००९मध्ये आलेल्या एचडीएमआय १.४ला फोर-के चित्र ३०च्याच वेगानं पेलतं. ६०चा वेग २०१३च्या २.० आवृत्तीपासून आला. लॅपटॉप जुना असेल तर १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्‌झ ठेवा. काम करताना ते फोर-केच्या ३०पेक्षा कितीतरी बरं वाटतं.

पडद्यावर पांढरे ठिपके चमकणं, चित्र क्षणभर जाऊन परत येणं, हा केबलचा दोष. साधी केबल पाच मीटरच्या पुढे गेली की, विशेषतः फोर-केला, तो दिसू लागतो. दीड मीटरची दुसरी केबल लावून पाहा, लगेच कळेल. पण महागड्या केबलनं रंग खुलतात असं दुकानात कुणी सांगितलं, तर मानू नका. डिजिटल चित्र एक तर पूर्ण पोहोचतं नाहीतर तुटतं.

चित्र टीव्हीवर आणि आवाज मात्र लॅपटॉपमधून, ही गोष्ट अर्ध्या मिनिटाची. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाचं उपकरण म्हणून टीव्हीचं नाव निवडा. सिनेमा आधीच चालू असेल तर ते ॲप बंद करून उघडा. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये स्पीकरची निवड वेगळी असते, तिथेही बघा. मॅकवर आवाजाची बटणं दाबून टीव्हीचा आवाज कमी-जास्त होत नाही. त्यासाठी रिमोट घ्या.

परदेशातल्या मुला-नातवंडांशी टीव्हीवर बोलायची हौस अनेक घरांत असते. तेव्हा एक ध्यानात ठेवा: चित्र टीव्हीवर गेलं तरी कॅमेरा आणि माइक लॅपटॉपचेच चालू असतात. लॅपटॉप कोपऱ्यातल्या टेबलावर आणि आजी सोफ्यावर, तर पलीकडे आजीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा जातो आणि तिची नजर भलतीकडे दिसते. लांब केबल घेऊन लॅपटॉप टीव्हीखाली, सोफ्याकडे तोंड करून ठेवा. टीव्हीचा आवाज बेतानं ठेवा, नाहीतर तोच माइकमध्ये शिरून पलीकडच्यांना स्वतःचं बोलणं परत ऐकू येतं. झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप झोपतात आणि चित्र जातं, हेही घरातल्या लहानांना सांगून ठेवा.

साइट दिसते, पण सिनेमा सुरू केला की पडदा काळा, आवाज मात्र येतो. हा बिघाड नाही. पैसे भरून बघायच्या चित्रपटांवर नक्कल रोखणारं कुलूप असतं, ते लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक उपकरणाला उघडता आलं पाहिजे. मध्ये व्हीजीए कन्व्हर्टर किंवा स्वस्त स्प्लिटर असेल तर साखळी तुटते. तो काढून थेट केबल लावा, नाहीतर टीव्हीतलंच ॲप वापरा.

केबलशिवाय जोडायचं असेल तर विंडोज आणि के दाबून यादीत टीव्ही शोधा. टीव्हीवर 'स्क्रीन मिररिंग' चालू हवं. फोटो दाखवायला हे पुरतं. सभा, भाषण, वर्ग यांसाठी मात्र केबलच वापरा.

एका बाबतीत मात्र घाई करू नका. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेला किंवा केबलच्या टोकाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसलेला आहे. टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची तारही आलेली असते. दोन्ही उपकरणांवरचा विजेचा दाब वेगळा असेल, तर एचडीएमआय टेकवताक्षणी तो तिच्यातून वाट काढतो आणि पोर्ट जळू शकतो. अशा घरात भिंतीवरची बटणं बंद करून, चार्जर काढूनच केबल जोडा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. विजा कडाडत असताना केबल सोडवून ठेवा.

सगळं करून झालं आणि तरी चित्र नाही, तर दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी दोन अदलाबदली करा. तीच केबल आणि तोच टीव्ही ठेवून शेजाऱ्यांचा लॅपटॉप लावा. मग आपला लॅपटॉप त्याच केबलनं शेजाऱ्यांच्या टीव्हीला लावा. पहिल्यात चित्र आलं आणि दुसऱ्यात नाही, तर दोष लॅपटॉपचा: पोर्टचा किंवा ड्रायव्हरचा. उलट झालं तर टीव्हीचा पोर्ट. दोन्हींत नाही, तर आधी केबल बदला. दुकानात गेल्यावर 'चालत नाही' एवढंच न सांगता या दोन तपासण्यांत काय झालं, टीव्हीवर नेमके कुठले शब्द दिसले, हे सांगा.

आमच्या हॉलमध्ये आता केबलचं एक टोक टीव्हीला कायम लावलेलं असतं. दुसरं पट्टीतून खाली टेबलापर्यंत आणलं आहे, आणि त्याला गुंडाळलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर खजिनदारांनी बॉलपेननं लिहिलंय: 'एचडीएमआय २. आधी टीव्ही, मग लॅपटॉप.'